रिबिनीची फुलं, नाचाच्या क्लिपांसाठी

४ ऑक्टोबर

पुतणीच्या गटनृत्यात १२ मुली आहेत. प्रत्येकीला कानाच्या जरा वर, दोन्ही बाजूंना एकेक फूल हवं. म्हणजे २४ क्लिपा, शिवाय ४ जास्तीच्या. फूल साधारण ६ सेंटिमीटर रुंद, फिकट गुलाबी, मध्ये मोती, मागे एका बाजूला दोन हिरवी पानं. नाचात उड्या आणि गिरक्या भरपूर आहेत. त्यामुळे फूल टेबलावर कसं दिसतं यापेक्षा हलत्या डोक्यावर ते टिकतं का, ही खरी परीक्षा. पुढच्या नोंदी याच हिशेबाने लिहिते आहे.

सामान जमलं: ५ आणि ४ सेंटिमीटर रुंदीची गुलाबी सॅटिन रिबीन, दोन्हींचं १० मीटरचं एकेक रीळ. पानांसाठी अडीच सेंटिमीटरची हिरवी. १ सेंटिमीटरची ग्रोसग्रेन, म्हणजे आडव्या रेघांची जाडसर रिबीन. फेल्टचे, म्हणजे तंतू दाबून केलेल्या जाडसर कापडाचे तुकडे, साडेचार सेंटिमीटरच्या, मागे दाबलं की मगरीच्या जबड्यासारख्या उघडणाऱ्या धातूच्या अ‍ॅलिगेटर क्लिपा, ग्लू गन, मेणबत्त्या, टोकदार चिमटा, सुया, पॉलिएस्टरचा मजबूत दोरा, आरपार भोक असलेले मोती. कात्री फक्त कापडाची असावी. कागदावर चाललेल्या कात्रीने सॅटिनची कड तुसदार निघते आणि मग ज्योतीवर ती एकसारखी वितळत नाही.

रिबिनीचा हिशेब असा: बाहेरच्या थराला ५ सेंटिमीटरच्या चौकोनांच्या ५ पाकळ्या, म्हणजे एका फुलाला २५ सेंटिमीटर. २८ फुलांना ७ मीटर. आतल्या थराला ४ सेंटिमीटरच्या ५ पाकळ्या, २० सेंटिमीटर, २८ फुलांना ५ मीटर ६० सेंटिमीटर. रुंद रिबिनीचे ३ मीटर हाताशी जास्तीचे राहतात. हे पुरेल असं वाटतंय.

आज फक्त जाळून बघायची चाचणी केली. ती कामाआधीच करा. बोटभर तुकडा चिमट्यात धरायचा, खाली पाण्याने भरलेली थाळी, आणि टोक ज्योतीला लावायचं. पॉलिएस्टर असेल तर ते ज्योतीपासून आकसतं, वितळतं आणि गार झाल्यावर कडक मणी उरतो. सुती किंवा व्हिस्कोस असेल तर कागदासारखं जळतं, मऊ राख पडते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि उरलेला काळा गोळा बोटांत चुरडला जातो. या कामाला फक्त वितळणारी रिबीन चालते, कारण कड बंद करायचं सगळं तंत्र त्या वितळण्यावरच उभं आहे. एक सुंदर, जरा कमी चकाकणारी मोतिया रिबीन घरात होती, तिचा फार मोह होता. ती सरळ पेटली. सुईदोऱ्याने चुण्या घालून करायच्या फुलांसाठी ती बाजूला ठेवली.

५ ऑक्टोबर

कडा बंद करायचा सराव. दुपार यातच गेली.

सॅटिन कापलं की कडेचे धागे लगेच सुटायला लागतात, म्हणून प्रत्येक कापलेली कड ज्योतीवरून फिरवून वितळवून घ्यायची. ऐकायला सोपं आहे. पहिल्या ढिगातल्या बऱ्याच तुकड्यांना काळी काजळी लागली आणि गुलाबी रंगावर ती पुसूनही जात नाही. पुसायला गेलं की पसरते.

कारण ज्योतीची जागा. मेणबत्तीच्या ज्योतीचा वरचा पिवळा भाग म्हणजे न जळलेल्या कार्बनचे तापलेले कण. तिथे रिबीन नेली की काजळी बसणारच. वातीच्या बुडाशी जो निळसर भाग दिसतो, त्याच्या बाजूने कड न्यायची, ज्योतीच्या आत घालायची नाही. दोन-तीन मिलिमीटर लांबूनही पॉलिएस्टर वितळतं, त्याचा वितळणबिंदू २५० ते २६० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे आणि ज्योत त्याहून कितीतरी गरम असते. वात लांब झाली की ज्योत उंच आणि धुरकट होते, म्हणून ती मधूनमधून विझवून ५ मिलिमीटरपर्यंत छाटत राहिले. त्यानंतर काजळी जवळजवळ थांबली.

दुसरी अडचण वेगाची. कड ज्योतीजवळ रेंगाळली की तपकिरी होते आणि आत आकसून जाड, टोचणारी रेघ तयार होते. ही टोचरी रेघ कानामागे लागली तर मुली क्लिप काढून टाकतील. हात एका सरळ रेषेत, न थांबता गेला पाहिजे. कड पुरेशी वितळली की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. गार झाल्यावर नखाने ओढून बघा, धागा सुटला नाही म्हणजे झालं.

लायटर वापरून पाहिला. ज्योत स्वच्छ मिळते, पण एक हात अडकतो आणि जरा वेळ धरला की तोंडाचा धातू तापतो. जाड बुडाच्या वाटीत घट्ट बसवलेली मेणबत्ती बरी. पंखा बंद, खिडकी उघडी पण वारा थेट येणार नाही अशी, केस बांधलेले, ओढणी नाही, बाजूला पाण्याचं भांडं. वितळलेलं पॉलिएस्टर त्वचेला चिकटतं आणि चिकटल्या जागी भाजतच राहतं. बोट पोळलं तर ते ओढून काढू नये, आधी वाहत्या गार पाण्याखाली धरावं. हे काम मुलांच्या हाती देऊ नये. त्यांना मोती ओवायला द्या.

८ ऑक्टोबर

पाकळ्या. पद्धत कंझाशीची, म्हणजे जपानी केशभूषणांची. तिथे रेशमाचे छोटे चौकोन चिमट्याने दुमडून तांदळाच्या खळीवर बसवतात आणि या कामाला 'त्सुमामी' म्हणतात. टोकियोत ते १९८२ पासून अधिकृत पारंपरिक हस्तकला म्हणून गणलं जातं. तिथली खळी ओली असेपर्यंत पाकळी सरकवता येते. आपल्या ज्योतीच्या पद्धतीत एकदा वितळून चिकटलेली घडी पुन्हा सुटत नाही, म्हणून घडी आधीच नेमकी हवी. सगळा फरक इथे आहे.

गोल पाकळी अशी: चौकोन चकाकती बाजू बाहेर ठेवून कर्णावर दुमडला की त्रिकोण होतो. त्रिकोणाची डावी-उजवी टोकं उचलून वरच्या टोकाला आणायची, छोटा उभा चौकोन मिळतो. तो पालथा करून बाजूची दोन्ही टोकं मागे मध्यावर आणायची. जिथे सगळी मोकळी टोकं एकत्र येतात ते बूड ४-५ मिलिमीटर छाटायचं, चिमट्याने घट्ट दाबून ज्योतीवर सगळे थर एकजीव करायचे. मग पुढून पाकळीचं तोंड बोटाने हलकं उघडायचं. या घडीत चकाकती बाजूच दिसते, त्यामुळे एका बाजूने चकाकणारी रिबीन पुरते.

आज रुंद रिबिनीचे जवळजवळ २ मीटर वाया गेले आणि कारण शेवटी लक्षात आलं. मी पुठ्ठ्याचा ५ सेंटिमीटरचा साचा करून लांबी मोजत होते, पण रिळावर ५ लिहिलेलं असलं तरी रिबीन भरली ४८ मिलिमीटर. म्हणजे चौकोन नाहीच, २ मिलिमीटरने लांबट आयत. कर्णावर दुमडला की एका बाजूला पट्टी उरते, पुढच्या प्रत्येक घडीत ती वाढते आणि पाकळीचं तोंड वाकडं होतं. एक-दोन पाकळ्यांत ते खपून जातं, पाच गोल मांडल्या की फूल लंगडं दिसतं.

उपाय साधा. मोजपट्टीवर विसंबायचंच नाही. रिबिनीचं टोक तिच्याच काठावर तिरकं दुमडायचं, जिथे टोक काठाला टेकतं तिथे कापायचं. रिबीन कितीही रुंद असो, तुकडा चौकोनीच निघतो. आता साचाही त्याच मापाचा, ४८ मिलिमीटरचा केला. ४ सेंटिमीटरची रिबीन मोजली तर ती बरोबर भरली. प्रत्येक रीळ वेगळं मोजा.

बुडाच्या बाबतीत आणखी एक. दाबून धरलेल्या थरांपैकी मधला थर बऱ्याचदा ज्योतीपर्यंत पोचतच नाही. वरून बंद दिसलेली पाकळी तास-दोन तासांनी आपोआप उघडलेली सापडते. म्हणून छाटताना कात्री सरळ आणि एकाच दाबात चालवायची, चिमट्याबाहेर सगळे थर एका पातळीत जेमतेम २ मिलिमीटर ठेवायचे, आणि ज्योतीवरून काढल्यावर लगेच चिमट्याच्या सपाट बाजूने दाबायचं. बोटाने नाही.

१० ऑक्टोबर

कापण्याचं काम सोपं झालं. सोल्डरिंग आयर्नला, म्हणजे तारा झाळायच्या विजेवर तापणाऱ्या दांडीला, बारीक टोक लावून, जुन्या फरशीच्या तुकड्यावर स्टीलची पट्टी ठेवून रिबीन कापली. कापतानाच कड वितळून बंद होते. चौकोनाच्या दोन्ही कापलेल्या बाजू एका फटक्यात झाल्या, मेणबत्ती आता फक्त बुडासाठी लागते. टोकावर वितळलेला थर साचत जातो, तो ओल्या स्पंजवर पुसत राहायचा, नाहीतर पुढच्या कडेवर तपकिरी डाग येतात. धूर होतो, खिडकी उघडी हवीच. ज्यांच्याकडे हे यंत्र नाही त्यांनी मुद्दाम आणायची गरज नाही. थोड्या फुलांना मेणबत्ती पुरते, डझनांनी करायची असतील तर मात्र वेळ निम्म्यावर येतो.

११ ऑक्टोबर

पाकळ्या जोडणं. दोन रीती करून पाहिल्या.

पहिली: फेल्टच्या चकतीवर ग्लू गनने एकेक पाकळी चिकटवणे. झटपट होतं, पण पाचवी पाकळी बसवताना कळतं की जागा उरली नाही किंवा फार उरली. गोंद काही सेकंदांत गार होतो, सरकवायला वेळ मिळत नाही. शिवाय माझी गन जास्त तापमानाची आहे. अशा गनमधून गोंद साधारण १९० अंशांच्या आसपास बाहेर येतो. पॉलिएस्टर त्याने वितळत नाही, पण पातळ सॅटिन सुरकुततं आणि फिकट रंगावर गोंद ओल्या डागासारखा पुढून दिसतो. कमी तापमानाची गन, १२० ते १३० अंशांची, या कामाला योग्य. ती आणली.

दुसरी रीत: पाचही पाकळ्या बुडाजवळून दोऱ्यात ओवून, दोरा खेचून वर्तुळ करणे. हीच ठेवली. दोरा सैल असेपर्यंत पाकळ्या फिरवता येतात, सरळ करता येतात, एखादी खराब असेल तर काढून दुसरी ओवता येते. मग खेचून दुहेरी गाठ.

सुई कुठून घालायची हे महत्त्वाचं आहे. बुडाची वितळलेली रेघ इतकी कडक असते की सुई आत जात नाही, जोर लावला तर रेघ तडकते आणि पाकळी उघडते. रेघेच्या लगेच वर, मऊ कापडातून, साधारण ३ मिलिमीटरवर सुई घालावी. सगळ्या पाकळ्यांना एकाच उंचीवर, नाहीतर एखादी पाकळी वर डोकावते. दोरा एकेरी घेतला होता तो खेचताना तुटला. दुहेरी घ्या.

सहा पाकळ्यांचंही एक फूल केलं. मध्ये भोक मोठं पडतं, मोती आत बुडतो. पाचच ठीक.

१३ ऑक्टोबर

मोती. सपाट पाठीचे अर्धगोल मोती गोंदाने लावले, देखणे दिसले. रात्रभर ठेवून सकाळी नखाने उचकटले तर गोंदासकट निघाले. गुळगुळीत प्लॅस्टिकवर गरम गोंद नुसता बसतो, धरत नाही. पाठ सँडपेपरने खरवडली तर जरा बरं, तरी नाचासाठी भरवसा वाटेना. भोकाचा मोती आणि दोरा, मागच्या फेल्टमधून दोनदा नेऊन गाठ. हे मात्र ओढूनही हलत नाही.

ही फुलं शाळकरी मुलींसाठी आहेत. ३ वर्षांखालच्या मुलांसाठी करत असाल तर मोती, टिकल्या, सुटू शकेल असं काहीच लावू नका. मधला भाग रिबिनीची घट्ट गाठ मारून करा.

१५ ऑक्टोबर

मुख्य काम थांबवून दुसरी फुलं करून बघितली, कारण मुलींच्या बाईंना गुलाब हवा होता.

दुमडून गुंडाळायचा गुलाब: अडीच सेंटिमीटरची रिबीन, ६० सेंटिमीटर लांब. टोक गुंडाळून गाभा करायचा, मग रिबीन बाहेरच्या बाजूला तिरकी दुमडत गाभ्याभोवती फिरवायची, दर फेऱ्याला बुडाशी एक टाका. प्रत्येक दुमडीत रिबिनीची उलट बाजू वर येते, म्हणून दोन्ही बाजूंनी चकाकणारीच रिबीन हवी. एका बाजूच्या रिबिनीचा गुलाब फिका आणि ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. फेरे घट्ट घेतले तर कळी राहते, सैल घेतले तर गाभा खालून निसटतो. गाभा पहिल्या दोन फेऱ्यांत घट्ट शिवून टाकायचा आणि नंतरचे फेरे सैल सोडायचे, तेव्हा फूल उमललेलं दिसतं.

गुलाब मनाजोगा झाला. पण क्लिपेवर लावून केसांत घातला तर पुढे कलला. कारण सरळ आहे: त्याची उंची रिबिनीच्या रुंदीएवढी, म्हणजे अडीच सेंटिमीटर. सगळं वजन डोक्यापासून लांब जातं आणि प्रत्येक गिरकीत क्लिपेला उपटायला बघतं. हेअरबँडवर हाच गुलाब छान बसेल, तिथे बूड रुंद मिळतं. बाईंना दोन्ही क्लिपा लावून दाखवल्या, त्यांनी चपट्या फुलाला होकार दिला.

जळक्या पाकळ्यांचं फूलही केलं: सॅटिनच्या ७, ६, ५ आणि ४ सेंटिमीटरच्या चकत्या, कडा ज्योतीजवळ फिरवून आत वळवायच्या, मोठ्यापासून लहानापर्यंत रचून मध्ये मोती शिवायचा. करायला सगळ्यात सोपं आणि चूक झाकणारं फूल हेच. ज्यांनी कधीच काही केलं नाही त्यांनी याने सुरुवात करावी. चकती कापताना ती अचूक गोल नसली तरी चालते, उलट जरा वेडीवाकडी असली तर फूल खरं वाटतं. ऑर्गन्झाची एक चकती मध्ये घातली तर उठाव येतो, मात्र ऑर्गन्झा फार पातळ असतं, सॅटिनच्या दुप्पट अंतरावरून फिरवा, नाहीतर भोक पडतं.

१८ ऑक्टोबर

आजची नोंद लांब आहे, कारण सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि याबद्दल कोणी फारसं सांगत नाही. फुलाची मागची बाजू.

फूल तयार झालं की थेट क्लिपेवर गोंद टाकून दाबायचं, असं मीही गृहीत धरलं होतं. तशा सहा क्लिपा केल्या. दुसऱ्या दिवशी क्लिप उघडझाप करताना एकेक फूल गोंदाच्या पूर्ण पट्टीसकट निघालं. गोंद फुलाला चिकटलेला, धातू कोरा करकरीत.

तीन कारणं एकत्र होती. धातू गार असतो, तो गोंदातली उष्णता झटक्यात ओढून घेतो, त्यामुळे गोंद धातूवर पसरून धरायच्या आतच गोठतो. नव्या क्लिपेवर कारखान्यातला तेलकट थर असतो. आणि क्लिप उघडताना वरचं पातं किंचित वाकतं, गोठलेला गोंद तसा वाकत नाही, म्हणून कडेपासून सुटायला लागतो.

आता क्रम असा आहे. क्लिपा स्पिरिटने पुसून कोरड्या करायच्या. १ सेंटिमीटरच्या ग्रोसग्रेनचा साधारण ११ सेंटिमीटरचा तुकडा, दोन्ही टोकं वितळवून बंद केलेला. वरच्या पात्याच्या आतल्या बाजूने सुरू करून, टोकाला वळसा घालून, पात्याच्या वरून मागे आणून दाबायच्या जागेखाली संपवायचा. थोडा थोडा गोंद टाकत, दाबत जायचं. पातं रिबिनीत गुंडाळलं गेलं की धातू आणि गोंदाचा सांधा फुलाच्या वजनाखाली येतच नाही. ग्रोसग्रेन इथे सॅटिनपेक्षा चांगलं, तिच्या रेघांत गोंद रुततो.

मग फेल्टची ३ सेंटिमीटरची चकती. फूल या चकतीला आधी सुईदोऱ्याने शिवायचं, दोन्ही थर, मोत्याचा दोरा, पानं, सगळं. पानांसाठी हिरव्या रिबिनीचे चौकोन: कर्णावर दुमडून त्रिकोण, तो अर्धा, पुन्हा अर्धा, बूड छाटून बंद. गाठी चकतीच्या मागे. त्यानंतर दुसरी चकती घ्यायची, तिला क्लिपेच्या पात्याच्या रुंदीच्या दोन चिरा द्यायच्या, एकमेकींपासून साधारण दीड सेंटिमीटरवर. गुंडाळलेलं पातं एका चिरेतून आत, दुसरीतून बाहेर. आता या दोन चकत्या समोरासमोर, मध्ये गोंद, आणि कडेने चार-पाच टाके. फेल्टला फेल्ट धरतं, इथे गोंद खरोखर काम करतो, कारण तो तंतूंमध्ये शिरतो. पातं फेल्टच्या पट्ट्यात अडकलेलं असतं. गोंद पूर्ण सुटला तरी फूल पडत नाही, फक्त सैल होतं.

चिरा मोठ्या झाल्या तर क्लिप सरकते. आधी लहान द्या, लागल्या तर वाढवा. एका फुलामागे यात १० मिनिटं जास्त जातात. या १० मिनिटांची काटकसर करू नका.

ते सहा सुटलेले नमुनेही याच रीतीने पुन्हा बांधले. पाठीवरचा जुना गोंद हेअरड्रायरने मऊ करून चिमट्याने सोलला, त्याच ड्रायरने फुलांवरचे गोंदाचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागेही नाहीसे झाले. जवळून आणि जास्त वेळ मारू नका, पाकळ्या आत वळतात.

२१ ऑक्टोबर

पुतणीच्या केसांवर चाचणी. तिने नाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवला.

डावं फूल टिकलं, उजवं घसरत खांद्यापर्यंत आलं. तिचे केस बारीक आणि सरळ आहेत, वरच्या पात्याचं ग्रोसग्रेन केस धरतं पण खालचं पातं उघडं धातूचं, गुळगुळीत. खालच्या पात्याच्या आतल्या बाजूला मखमली रिबिनीची ४ सेंटिमीटरची अरुंद पट्टी चिकटवली, लव दातांकडे येते आहे ना ते बघून. पुन्हा नाच झाला, दोन्ही जागेवर. आता सगळ्या क्लिपांना ही पट्टी.

दुसरी गोष्ट याहून मोठी. सगळी फुलं मी एकाच दिशेने बांधली होती. फूल स्वतः गोल आहे, त्याला डावं-उजवं नाही, पण पानांना आहे. डाव्या कानावर पानं मागे जातात, तीच क्लिप उजवीकडे लावली की पानं गालावर येतात, आणि क्लिप उलटी घातली तर दाबायचं टोक पुढे दिसतं. जोडीतल्या दोन क्लिपा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा हव्यात. बांधून झालेल्यांपैकी निम्म्यांची पानं उसवून दुसऱ्या बाजूला शिवली. शिवलेली होती म्हणून हे जमलं. गोंदाने लावली असती तर फुलं गेली होती.

तुम्ही पानं, झुलणाऱ्या फिती, काहीही एका बाजूला लावणार असाल तर पहिल्या क्लिपेआधी कागदावर दोन डोकी काढा, डावी-उजवी खूण करा. बांधणी झाल्यावर फेल्टच्या मागे डाव्यांना निळा आणि उजव्यांना लाल टाका घातला, म्हणजे घाईत विचारावं लागणार नाही.

२४ ऑक्टोबर

आता टप्प्याटप्प्याने. आज फक्त चौकोन, उद्या फक्त घड्या आणि बुडं, मग ओवणं, मग पाठी. एकेक फूल सुरुवातीपासून शेवटपर्यंत करत बसलं तर पाऊण तास जातो. टप्प्यांत केलं की अर्ध्या तासाच्या आत उरकतं, आणि पाकळ्या सारख्या निघतात, कारण हाताला एकच गोष्ट करायची असते. सलग दीड तासाहून जास्त ज्योतीसमोर बसू नये. डोळे थकले की कडा जळायला लागतात, हे पाकळ्यांच्या ढिगात स्पष्ट दिसतं.

रुंद रिबीन संपत आली. वाया गेलेले दोन मीटर आणि नमुने धरून हिशेब जेमतेम जुळतो. त्याच रंगाचं दुसरं रीळ बघून ठेवलं होतं, पण दोन रिळांच्या रंगात किंचित फरक पडतो, तो खोलीच्या उजेडात कळत नाही आणि रंगमंचाच्या दिव्यात उठून दिसतो. मिसळायची वेळ आलीच तर एका जोडीत दोन्ही फुलं एकाच रिळाची ठेवीन. शक्य असेल तर आधीच हिशेबापेक्षा दीडपट रिबीन एकाच वेळी घ्या.

२९ ऑक्टोबर

अठ्ठावीसही झाली, रीळ पुरलं. तयार क्लिपांचा खोका दुपारी गाडीत राहिला, गाडी उन्हात. गोंदाची साधी कांडी ६० ते ८० अंशांच्या दरम्यान मऊ पडायला लागते आणि उन्हातली बंद गाडी तिथपर्यंत सहज जाते. खोका उघडला तेव्हा काही क्लिपांचं ग्रोसग्रेनचं अस्तर टोकाला सरकलेलं होतं. फुलं मात्र एकही हललं नव्हतं, टाक्यांनी धरलं. अस्तराच्या टोकाला आता गोंदाबरोबर दोन टाके.

पाकळ्या दबल्या असतील तर इस्त्री लावू नका. किटलीच्या वाफेवर हातभर अंतरावरून क्षणभर धरा आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने तोंड उघडा. खोक्यात फुलं पालथी ठेवू नयेत. पुठ्ठ्याच्या पट्टीला क्लिपा अडकवून उभ्या ठेवल्या, तशाच दिल्या.

४ नोव्हेंबर

नाच झाला. सगळी फुलं शेवटपर्यंत केसांत होती. एका क्लिपेचं पान लोंबत परत आलं, दोरा एकेरी राहिला होता. आणखी एकीची मखमली पट्टी निघाली, त्या मुलीच्या केसांना भरपूर तेल होतं आणि तेलापुढे गोंद टिकत नाही. पट्टी आता दोन्ही टोकांना पात्याभोवती दोऱ्याने बांधली. मळलेल्या दोन फुलांच्या पाकळ्या कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून, मऊ ब्रशने पुसून, सावलीत वाळवल्या. क्लिप पाण्यात बुडवायची नाही, गंजते.

जास्तीच्या चारपैकी दोन रंगीत तालमीतच वापरल्या गेल्या होत्या. जास्तीच्या ठेवाच.

९ नोव्हेंबर

पुढचं काम: एका वर्षाच्या बाळाचा हेअरबँड. जन्माच्या वेळी डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो, वर्षाला ४६ च्या आसपास, पण प्रत्येक बाळाचं माप प्रत्यक्ष घ्यायचं. अरुंद गोल इलॅस्टिक नको, ते कपाळावर वळ उठवतं. दीड सेंटिमीटरचं मऊ, चपटं इलॅस्टिक, घेरापेक्षा २ सेंटिमीटर कमी, जोड चपटा शिवून फेल्टने झाकलेला. मोती नाही, क्लिप नाही. जळक्या कडांचं एकच छोटं फूल, चकत्यांची कड गालावर घासून बघायची, टोचली तर ती चकती बाद. बाळ झोपलं की बँड काढून ठेवायचा, हे त्याच्या आईला खोक्यावर लिहून देणार आहे.